पैकीच्या पैकी

पालमच्या बसस्टँडवर धम्मशीलाला ओळखत नाही असा माणूस विरळा. पण ती नेमकं काय काम करते हे धड कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी म्हणे, बाई जनगणनेची आहे. कुणी म्हणे, निवडणुकीची. स्टँडवर शेंगा विकणारी मनकर्णा तिला सरळ 'डोक्याची बाई' म्हणायची, आणि खरं पाहिलं तर तीच सगळ्यांत जवळ पोचली होती.

कुठल्याशा मोठ्या विद्यापीठाच्या संशोधन गटानं परभणी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास मांडला होता. शाबूत डोक्यांचाही आणि आजारी डोक्यांचाही. माणूस किती विसरला तर ते वय म्हणायचं आणि किती विसरला तर दुखणं म्हणायचं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी तीच तीच माणसं धरायची, दर दोन वर्षांनी त्यांच्या दारात जायचं आणि तेच तेच प्रश्न विचारायचे. विद्यापीठ लांब, मोठे डॉक्टर त्याहून लांब. परभणीत एका दवाखान्याच्या माडीवर गटाच्या तीन खोल्या होत्या, आणि एसटीचे धक्के खात खेडोपाडी फिरायला होती धम्मशीला.

मानसशास्त्रात एम.ए. झालेली ती त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी. त्या वेळी बापानं विहारात सगळ्यांना खीर वाटली होती. पुढं कॉलेजात तासावर शिकवण्यात आणि 'यंदा जागा निघणार' हे ऐकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. जागा निघाली तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. मग हा गट आला, त्यांना इथली बोली बोलणारी, म्हाताऱ्यांपाशी बसून राहायचा धीर असलेली बाई हवी होती. धम्मशीला म्हणाली, वर्षभर करून बघू. त्या वर्षभराला आता अकरा वर्षं होत आली होती.

काम ऐकायला सोपं. माणसाला पाच नावं सांगायची: परात, बाभूळ, आरसा, घोंगडी, वांगं. मग इकडचं तिकडचं विचारायचं. आज वार कोणता, शंभरातून सात गेले तर किती, माझ्या हातात हे काय आहे. थोड्या वेळानं हळूच म्हणायचं, मघाशी मी पाच नावं सांगितली होती, आठवतात का? एवढंच. पण गावानं त्याची परीक्षा करून टाकली. आज्याची परीक्षा आहे म्हटल्यावर सुना चुलीपासून उत्तरं ओरडायच्या, शेजारीपाजारी कुडावरून खुणा करायचे. एका गावात पहिल्या दिवशी तपासलेल्या म्हातारीनं पाचही नावं अख्ख्या आळीला पुरवली. दुसऱ्या दिवशी धम्मशीलानं बूड टेकायच्या आत समोरचा म्हातारा एका दमात म्हणाला, "परात, बाभूळ, आरसा, घोंगडी, वांगं. झालं का? आता च्या घ्या." तिनं हसून चहा घेतला आणि पिशवीतून दुसऱ्या नावांचा संच काढला.

पहिली काही वर्षं याची गंमत वाटायची. पुढं पुढं गंमत ओसरली. तीच माणसं दोन वर्षांनी पुन्हा समोर येऊन बसायची आणि थोडी थोडी कमी झालेली असायची. मागच्या खेपेला ज्यानं पाचही नावं सांगितली, तो या खेपेला दोन सांगून तिसऱ्यासाठी छपराकडं बघत राहायचा. आणि धम्मशीलानं काय करायचं, तर काहीच नाही. नियम होता, चेहरा हसरा ठेवायचा, बरोबर म्हणायचं नाही आणि चूकही म्हणायचं नाही. बाहेर आल्यावर निंबाखाली उभं राहून एसटीची वाट बघायची. घरी पोचेस्तोवर तिच्या पायांत गोळे आलेले असायचे, आणि आल्या आल्या पीठ काढायला बसायचं असायचं.

तिची स्वतःची आईही याच दुखण्यानं गेली. पंचफुला तिचं नाव. पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात ती मुलाकडं, धम्मपालकडं राहायची. शेवटच्या वर्षात धम्मशीला भेटायला गेली की पंचफुला पदर सावरून अदबीनं विचारायची, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"पालमची."

"पालमात माझी लेक दिलीय. लय शिकलेली हाय. भेटली तर सांगा, माय वाट बघायलीय म्हनून."

"सांगते," धम्मशीला म्हणायची. दुसरं काय म्हणणार? धम्मपाल भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. आई गेली तेव्हा धम्मशीला फारशी रडली नाही. तिचं रडून आधीच झालं होतं.

घरात आता दोनच माणसं. नवरा भुजंग चुडाव्याला एका शाळेत कारकून, तिथंच खोली करून राहायचा. शनिवारी रात्री यायचा, रविवार झोपून काढायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मुलगा पुण्याला नोकरीला. राहता राहिल्या धम्मशीला आणि तिची सासू सरजाबाई.

सरजाबाई म्हणजे ऐंशीच्या पुढची, हाडं वाळलेली आणि जीभ तेवढी ओली राहिलेली बाई. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबली होती, आणि एम.ए. झालेली सून घरात आली हा तिला आपला अपमान वाटला होता की अभिमान, ते तिलाच ठाऊक. तोंडानं मात्र तीस वर्षांत तिनं सुनेबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. "येम्मे झाली, पर भाकर अजून नकाशावानी करती," हे तर रोजचंच. धम्मशीलाही काही गरीब गाय नव्हती. एकीनं म्हणायचं, दुसरीनं परतवायचं. या दोघींचं भांडण सुरू झालं की गल्लीतल्या बाया नळ यायची वेळ झाली म्हणून हंडे बाहेर काढायच्या, आणि नळ खरंच यायचा.

मार्चअखेरची गोष्ट. धम्मशीला पालमपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात बालाजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं गेली. बालाजी निरोगी गटातला. स्वतःच्या पायांनी रानात जाणारा, सोयाबीनचे भाव तोंडपाठ असणारा. त्याची बायको पार्वतीबाई दारातच तूर निवडत होती. धम्मशीलानं बाजेवर बसून पिशवी उघडली.

बालाजी जरा चमकलाच. "बाई, परवाच तर झाली की माझी परीक्षा."

धम्मशीला हसली. हे वाक्य तिला नवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट परवाची वाटणं, हे तर पहिलं लक्षण. तिला वाईट वाटलं. बरा होता बिचारा, हाही घसरला, असं मनात म्हणत तिनं कागदाच्या कोपऱ्यात खूण केली आणि मऊ आवाजात म्हणाली, "असू द्या बाबा. पुन्हा एकदा करू. मी पाच नावं सांगते."

"आवो, पर परवाच..." बालाजीनं बायकोकडं पाहिलं.

पार्वतीबाईनं सूप खाली ठेवलं. ती आत गेली आणि फडताळातून बिस्किटाचा पुडा घेऊन आली. अजून फोडलेलाही नव्हता. तपासणी झाली की प्रत्येक घरात असा एक पुडा द्यायची गटाची रीत होती. पुडा बाजेवर ठेवून ती हळूच म्हणाली, "ह्यो तुमीच दिल्ताव, बाई. नातवंडं सुट्टीत येतेत म्हून ठिवलाय."

धम्मशीला पुड्याकडं बघत राहिली. तिला आठवेना. हे आंगण, ही बाज, हा माणूस दोन वर्षांपूर्वी पाहिल्याचं आठवत होतं, परवाचं नाही. म्हाताराम्हातारीनं एकमेकांकडं पाहिलं. ती नजर तिनं शेकडो घरांत पाहिली होती. आजवर ती कधी तिच्याबद्दल नव्हती, एवढाच काय तो फरक. तिनं हातातला कागद घडी करून पिशवीत टाकला.

"ऊन लय हाय," पार्वतीबाई म्हणाली. "पानी घ्या. रोज इतकं हिंडायचं म्हंजी मान्सानं काय काय ध्यानात ठिवावं."

घरी येताना बसमध्ये तिनं स्वतःलाच पाच नावं विचारली. परात, बाभूळ, आरसा, घोंगडी, वांगं. धडाधड आली. येणारच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आली असती. अकरा वर्षं तीच नावं तोंडात घोळत होती. दुसऱ्या संचातली विचारली, तीही आली. आणि मग खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की सगळ्या जिल्ह्यात डोकं तपासायचं एकच माप आहे, आणि नेमकं तिलाच ते लावता येत नाही. ती आतून पार पोखरून गेली तरी ही पाच नावं सगळ्यांच्या शेवटी जातील.

भुजंगला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "थकवा हाय. सुट्टी टाक, झोप काढ." पुण्याहून मुलगा म्हणाला, आई तू थकलीस, नोकरी सोड. शेजारीण म्हणाली, पाळी जाताना असंच होतं बाई, मीबी दूध उतू जाऊ द्यायचे. आणि धम्मशीला थकलेली होतीच, त्यात खोटं काहीच नव्हतं. रात्री झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, माणसाचं बोलणं अर्ध्यात आलं की मन भलतीकडंच जातं. पण थकव्याचं आणि त्या दुखण्याचं पहिलं तोंड सारखंच दिसतं, हे तिनंच घरोघरी लोकांना समजावून सांगितलेलं. दुसऱ्याला सांगताना किती सोपं वाटायचं ते.

दोन आठवडे तिनं जीव मुठीत धरून काढले. प्रत्येक गोष्टीवर पहारा. किल्ली हातात आहे ना, बस हीच ना, हा म्हातारा या महिन्यात झाला नाही ना. असा पहारा करून तर माणूस अधिकच थकतो आणि अधिकच विसरतो. शेवटी तिनं ठरवलं, जे असेल ते एकदाचं कळू दे. आईसारखं व्हायचं असेल तर होईल, पण आईला कुणी वेळेवर सांगितलं नाही, तसं आपलं नको. डोकं शाबूत आहे तोवर मुलाशी बोलायचं होतं, भुजंगला चार गोष्टी शिकवायच्या होत्या. एक दिवस आपल्याला लेक म्हणून कोण, नवरा म्हणून कोण ते कळणार नसेल, तर त्याआधीचे दिवस तिला जाणतेपणी हवे होते.

परभणीच्या माडीवर गटाचं काम बघायच्या त्या डॉक्टर मनिषा. वयानं धम्मशीलापेक्षा वीस वर्षांनी लहान, बाहेरच्या, पण मनानं चांगल्या. इथं आल्या तेव्हा त्यांना 'करायलाय' म्हणजे 'करतोय' हेही कळत नव्हतं. ते धम्मशीलानं शिकवलं. त्यांच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं आणि बिस्किटाच्या पुड्याची सगळी हकीगत सांगितली.

मॅडमनी ऐकून घेतलं. "आधी आपण रीतसर तपासणी करू," म्हणाल्या आणि कागद पुढं ओढला. "मी पाच नावं सांगते. परात..."

"बाभूळ, आरसा, घोंगडी, वांगं," धम्मशीला म्हणाली.

पुढंही तसंच. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. शंभरातून सात, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, पार शेवटापर्यंत, पाढा म्हटल्यासारखं. तेवढ्यात गटातली नमुने गोळा करणारी बबिता रक्ताच्या नळ्या घेऊन आत आली. ती तरणी पोरगी, दारातच उत्तरं ऐकून म्हणाली, "ताई, पैकीच्या पैकी! तुमचं डोकं तर काचेच्या कपाटात ठेवायला पाहिजे." मॅडमही हसल्या. धम्मशीलाला एकाएकी रडू कोसळलं.

बबिता बावरून बाहेर गेली. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी हे निरुपयोगी आहे."

"दुसरा संच?"

"तो मराठीत बसवला कुणी? तुम्हीच ना." मॅडमनी कागद बाजूला सारला. "डोक्याचा फोटो काढू, रक्त तपासू. पण इतक्या सुरुवातीला फोटोत काही दिसेलच असं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मग एकच उरतं. घरच्या माणसाशी बोलणं. रोज बघणारं माणूस हवं, तुम्हाला पूर्वीपासून ओळखणारं. तुमचे मिस्टर येतील?"

भुजंग यायला तयार होता. पण तो सांगणार काय? शनिवारी रात्री येणाऱ्या माणसाला बायको कशी दिसते, तर जेवण वाढणारी दिसते. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पहिल्यासारखीच आहे, आणि ते खरं समजूनच म्हणाला असता. मुलगा फोनवरचा. धम्मशीलानं मनातल्या मनात सगळी माणसं चाळून पाहिली. आपल्याकडं रोज बघणारं कोण आहे? सकाळी उठल्यापासून हात कुठं थांबतो, पाऊल कुठं अडखळतं, यावर डोळा ठेवून बसलेलं? असं एकच माणूस निघालं, आणि ते निघाल्यावर तिला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"मी? मी कशाला?" सरजाबाई म्हणाली. "तुज्या नवऱ्याला ने."

"त्यांना काय मालूम हाय, आत्याबाई? घरात तुमी असता."

"मला अडानी बाईला काय कळतंय."

"तुमाला समदं कळतंय. तीस वरसं माझ्या चुकाच तर मोजायला लागलाव. त्याच सांगायच्या हायेत. मनमोकळ्या सांगा. मला राग येनार न्हाई, उलट कामाच्या हायेत."

सरजाबाईनं सुनेकडं बराच वेळ बघितलं. मग ती उठली आणि पेटीतून बुद्धवंदनेला नेसायचं पांढरं लुगडं काढून त्याच्या घड्या झटकू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. गंगाखेडला गाडी बदलावी लागली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, त्यामुळं सरजाबाई कंडक्टरपुढं आधार कार्ड असं धरायची की गाडी जणू तिच्याच मालकीची. एरवी ती रस्ताभर बोलत राहिली असती. खिडकी लाव, पाणी दे, पिशवी नीट धर. आज गप्प होती. धम्मशीलाला वाटलं, म्हातारी दमली असेल. तिच्या स्वतःच्या अंगातही त्राण नव्हतं. गोदावरीचा पूल मागं पडला तेव्हा तिचा डोळा लागला, आणि परभणी आल्यावर सरजाबाईनंच तिला हलवून उठवलं.

माडीचे जिने चढताना म्हातारी दोनदा थांबली. वर मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. अशा बोलण्याच्या वेळी ज्याच्याबद्दल बोलायचं ते माणूस समोर नसावं असा नियम, म्हणून धम्मशीला शेजारच्या खोलीत जाऊन बसली. मधली भिंत म्हणजे प्लायवूडची फळी. पलीकडं कुणी घसा खाकरला तरी ऐकू यायचं. आजवर ती नेहमी त्या बाजूला बसून प्रश्न विचारायची, त्यामुळं या बाजूला किती ऐकू येतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"आजी," मॅडमचा आवाज आला, "मागच्या दोन-तीन वर्षांत सूनबाईंच्यात काही फरक वाटतो का? वस्तू ठेवून विसरणं, तेच तेच विचारणं, स्वयंपाकात चुका?"

धम्मशीलानं मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. आता म्हातारीचं तोंड सुटणार होतं, आणि सुटावं अशीच तिची इच्छा होती.

"न्हाई," सरजाबाई म्हणाली.

"काहीच नाही?"

"काईच न्हाई. माझी सून लय हुशार हाय, डाक्टरीनबाई. येम्मे झालेली हाय. समद्या पालमात तिच्यावानी एक बाई न्हाई. ध्यान म्हनाल तर असं, का मागच्या दिवाळीला कोनाला काय दिलं ते बी सांगंल. भाकर अशी करती, चंद्रावानी. मला तळहातावर ठिवलंय तिनं. पोटच्या लेकीनं केलं नसतं इतकं करती."

फळीच्या अलीकडं धम्मशीलानं तोंडावर पदर धरला. तीस वर्षं. तीस वर्षं या एका वाक्यासाठी तिचे कान तरसले होते. बाळंतपणात, भुजंगच्या आजारपणात, सासऱ्याचं शेवटचं सगळं केलं तेव्हा, आता तरी म्हणेल, आता तरी म्हणेल, असं वाटायचं आणि म्हातारी भाकरीच्या आकारावर घसरायची. आणि आज, एका परक्या बाईपुढं, लेकीपेक्षा जास्त म्हणाली. धम्मशीलाला इतका आनंद झाला की तिला उठून नाचावंसं वाटलं.

पण आनंद पुरता पोटात उतरायच्या आतच तिला तो सूर ओळखीचा वाटला.

कारण अशी घरची माणसं तिनं खूप ऐकली होती. ज्यांच्या माणसाला काही झालेलं नसतं ते बिनधास्त तक्रारी करतात. काय सांगावं बाई, चष्मा कपाळावर अन् शोधतंय घरभर, पहिल्यापासूनच वेंधळं हाय, असं हसत हसत सांगतात. आणि ज्यांनी खरंच काही पाहिलेलं असतं ते तोंड भरून वाखाणतात. आमचा म्हातारा लय ध्यानाचा हाय. आमच्या मायला समदं आठवतंय. धम्मपालनंही आईबद्दल असंच सांगितलं होतं, डोळ्याला डोळा न देता, अगदी याच सुरात. सरजाबाई तर अजून बोलतच होती. सुनेच्या शिवणकामावर आली होती, आणि धम्मशीलाला सुई धरता येत नव्हती.

ती उठली. नियम मोडून तिनं दार ढकललं.

"आत्याबाई, पुरं."

"तू काऊन आलीस? भायेर बस. तूच म्हनलीस ना, भायेर बसायचा कायदा हाय?" सरजाबाई खेकसली.

मॅडम उठून काही बोलणार होत्या, पण धम्मशीलानं मान हलवली आणि ती सासूच्या खुर्चीपाशी खाली फरशीवरच बसली.

"आत्याबाई, माझी माय कशी गेली तुमी बघितलंय. मला बी तसंच व्हायचं असंल तर हुईल. कोनाच्या हातात हाय? पर मला मालूम तरी असू द्या. तुमी वाखानलं तर मला कोन सांगनार? तुमच्याबिगर मला बघतंय कोन?"

सरजाबाई पांढऱ्या लुगड्याच्या काठाला चिमटे काढत राहिली. दात नसलेलं तिचं तोंड नुसतंच चावत होतं. मग ती सुनेकडं न बघता मॅडमकडं बघून बोलू लागली.

"वरीस हुईल आता. रोज न्हाई, आठ-पंधरा दिसाला एखांद्या येळंला. सांजच्याला मला जेवाय वाढती. मी जेवते. हात धुते, आंथरुनावर पडते. आन मंग घटकाभरानं पुन्हा ताट वाढून घिऊन येती. आत्याबाई, उठा, जेवून घ्या, म्हनती."

"मग तुम्ही काय म्हणता?" मॅडमनी हळू विचारलं.

"पयल्या खेपंला म्हनले, आगं, आताच तर जेवले की. तर हिचं तोंड असं झालं, असं झालं..." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "तवापासून म्हनत न्हाई. उठते आन जेवते दुसऱ्यांदा. आन भाकरीला नावं बी ठिवते पयल्यावानी, म्हंजी हिला वळखू येऊ नये."